आधी पाणी, मग पाहुणे

मॅडम, आज सहावा दिवस. तुमच्या दवाखान्याचं शटर खाली आहे आणि आपल्या मधल्या भिंतीतली खिडकी मी सकाळपासून तीनदा उघडून पाहिली. पलीकडं तुमची खुर्ची, बाळांच्या वजनाचा काटा, टेबलावरची बुद्धाची छोटी मूर्ती, सगळं जागच्या जागी आहे. फक्त त्या खिडकीतून चिठ्ठी सरकवताना तुम्ही विचारायच्या ते "दिगंबरभाऊ, अक्षर लागतंय का?" तेवढं ऐकू येत नाही. लागत होतं, मॅडम. एकवीस वर्षं लागत होतं. तुम्ही वैतागावं म्हणून मी मुद्दाम "न्हाई लागत" म्हणायचो.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. घाटनांदूरचा जन्म, शिक्षण, शिरूर कासारमधली सेवा, हृदयविकाराचा झटका. त्यात खोटं काही नाही, पण त्यात तुम्हीही नाहीत. रविवारी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, तुमच्या शोकसभेत, मी दोन शब्द बोलावेत असं तुमच्या भावानं सांगितलंय. माइक हातात आला की माझी कशी बोबडी वळते ते गणेशोत्सवात तुम्ही पाहिलंय, पोट धरून हसलाय. म्हणून आधी कागदावर लिहून काढतोय. दुसरंही एक कारण आहे. मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो होतो. साधंसुधं नव्हे, सात महिन्यांच्या लेकराच्या जिवाशी गाठ असताना बोललो. ते लेकरू म्हणजे माझाच नातू. चार वर्षं ही गोष्ट माझ्या घशात अडकून आहे. रविवारी लोकांसमोर उभं राहण्याआधी ती तुम्हाला सांगायला हवी.

आपलं भांडण सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. तुम्ही लेकरांच्या डॉक्टर, मी तुमच्या शेजारचा मेडिकलवाला. भांडणाचा विषय एकच, तो म्हणजे जुलाब झालेल्या बाळांना द्यायची ती पावडर. प्रोबायोटिक म्हणतात तिला, म्हणजे पोटाला उपकारक असे जिवंत जंतू पुडीत भरलेले. कंपनीचा माणूस पहिल्यांदा ती घेऊन आला तेव्हा मला ती कल्पना फार आवडली होती. वाईट जंतूंशी लढायला चांगले जंतू पाठवायचे. मी खिडकीतून तुम्हाला पुडी दाखवली आणि म्हणालो, "मॅडम, आता बाळांच्या पोटात आपलीपण फौज!"

तुम्ही चष्मा वर करून पुडी उलटीपालटी केली. "फौज नाही हो, पाहुणे आहेत हे. चार दिवस राहतील अन् जातील."

"मग बोलवायला काय हरकत हाय?"

"घरात प्यायला थेंब नाही आणि तुम्ही पाहुणे बोलावताय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" तुम्ही म्हणालात. "आधी पाणी, मग पाहुणे."

शिरूरच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असताना दारात पाहुणा दिसला की बाई आधी हंड्याचा तळ कसा बघते, ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. पुढं तुम्ही हेच वाक्य प्रत्येक आईला सांगायला लागलात. जुलाबानं लेकरू मरत नाही गं, अंगातलं पाणी अन् मीठ गेल्यानं मरतं. आधी क्षारांचं पाणी, मग झिंकच्या गोळ्या, अंगावरचं दूध चालूच, आणि मग बाकीचे पाहुणे. आणि बाया मान डोलवायच्या. त्यांच्या सासवांनी नेमकं उलटं शिकवलेलं असायचं, की हगवण लागली की पाणी तोडायचं, पाजलं की अजून होतं. त्या सासवांशीही तुम्ही भांडलात. माझ्याशी भांडायचा तुमचा सराव तिथलाच.

पण तुमच्यावर अन्याय नको. लोकांना वाटायचं, मॅडम जुन्या वळणाच्या, नवीन औषध त्यांना चालत नाही. तसं अजिबात नव्हतं. दुपारी दवाखाना रिकामा झाला की तुम्ही पाय स्टुलावर ठेवून वाचत बसायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "नेमकं सांगा, गुण येतो का न्हाई?" तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, "आधीचे लोक लिहायचे, जुलाब एखादा दिवस लवकर थांबतात. आता मोठे अभ्यास झाले, त्यात म्हणतात फारसा फरक पडत नाही. सगळ्या पुड्यांतले जंतूही एक नसतात. मला माहीत नाही, दिगंबरभाऊ. आणि मला माहीत नसलं की मी लिहीत नाही." डॉक्टरच्या तोंडून "मला माहीत नाही" हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला ते तेव्हा कमीपणाचं वाटलं होतं. माझी अक्कल तेवढीच.

एकदा मात्र तुम्ही स्वतः ती पावडर लिहून दिली होती. दुसरीकडं कुठं भारी अँटिबायोटिक खाऊन पोट बिघडलेलं एक पोरगं आलं होतं. चिठ्ठीवर ते नाव वाचून मी खिडकीतून अर्धा आत वाकलो आणि ओरडलो, "मॅडम, तारीख टाका याच्यावर, फ्रेम करून लावतो!" तुम्ही तपासत असलेल्या लेकराची आजीसुद्धा हसली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "इथं वाटलं उपयोग होईल, म्हणून लिहिलं. आणि त्यांना सांगा, गरम दुधात टाकू नका, नाहीतर पाहुणे दारातच मरतील." मी तेही हसण्यावारी नेलं.

आता भांड्यांतल्या त्या रेघांबद्दल. रविवारी हे मी सांगणारच आहे, पण तुमच्याकडून एकदा तपासून घेतलेलं बरं.

तुम्ही येऊन तीनेक वर्षं झाली असतील. ऊसतोडीला निघालेल्या एका बाईला मी क्षारांच्या चार पुड्या दिल्या आणि सवयीनं म्हणालो, "एक लिटर पाण्यात एक." तिनं मान हलवली. पुढं कारखान्यावर, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, लेकराला जुलाब लागले. तिच्याजवळ होता चहाचा कप. तिनं अख्खी पुडी एका कपात कालवली आणि पाजली. एवढं मीठ त्या जिवाला सोसणार कसं? तिथल्या दवाखान्यात चार दिवस ते लेकरू जगेल का नाही अशी गत होती. जगलं, पण गावी परतल्यावर ती बाई तुमच्याकडं आली आणि रडत म्हणाली, "बाई, लिटर म्हंजी किती ते आमाला कुनी दाखीवलंच न्हाई."

तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. मलाही नाही. खिडकीशी आलात आणि म्हणालात, "भाऊ, एक खिळा द्या." माझ्या खोक्यात एक गंजका खिळा होता. तुम्ही लिटरच्या मापानं त्या बाईच्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात पाणी ओतलं, पाणी जिथवर आलं तिथं आतून खिळ्यानं आडवी रेघ ओढली आणि तिचं बोट धरून त्या रेघेवर फिरवलं. "हितवर पाणी. त्यात एक पुडी. दुसऱ्या दिवशी उरलेलं सांडून द्यायचं. सांग बघू." तिच्याकडून तीनदा वदवून घेतलंत.

त्या वर्षापासून नियमच झाला. लेकरू दाखवायला आणायचं तर घरातलं एक भांडं बरोबर आणायचं. कुणी पातेलं आणायचं, कुणी चरवी, कुणी स्टीलचा डबा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तुमच्या दारात भांड्यांची रांग लागायची. नवखा माणूस विचारायचा, इथं कल्हई लावून देतात का? आमच्याकडं लग्नात आलेल्या भांड्यावर नावं घालायची पद्धत आहे, कुणाकडून आलं, कुणाला दिलं. बाहेरून मामाचं नाव आणि आतून मॅडमची रेघ, अशी भांडी आज या तालुक्यात किती आहेत देव जाणे. ती भांडी कारखान्याकारखान्यांवर फिरतात, कर्नाटकातसुद्धा जातात. बाया तुम्हाला पाणीवाल्या बाई म्हणायच्या. तुम्हाला ते नाव पदवीपेक्षा जास्त आवडायचं, हे मला माहीत होतं.

आणि मी काय केलं? चार वर्षांपूर्वी दुकानाबाहेर बोर्ड लावला. "बाळांच्या जुलाबांवर जिवंत जंतूंची पावडर मिळेल." अक्षरं लाल. बाया तुमच्याकडं न जाता थेट माझ्या दुकानात यायला लागल्या. पुडी जिभेवर टाकली की काम झालं, भांडं नको, मोजमाप नको, चमच्या-चमच्यानं पाजत बसणं नको. लोकांना पी हळद अन् हो गोरी हेच आवडतं, आणि मला लोकांना आवडेल ते विकायचं होतं.

तुम्ही बोर्ड वाचलात आणि खिडकीशी आलात. तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "भाऊ, पावडर विका. मी अडवत नाही. पण ज्या लेकराच्या तोंडात ती पडतेय त्याला पाणी मिळालं का, एवढं तरी विचारून द्या."

मी म्हणालो, "ते विचारायला डॉक्टर हायेत की."

तुम्ही खिडकी लावून घेतलीत. तुमच्या बाजूनं कडी घातल्याचा आवाज आला. आठ दिवस तुमच्या चिठ्ठ्या खिडकीतून आल्या नाहीत, लोक रस्त्यावरून वळसा घालून घेऊन आले. चहाही बंद. मी घरी म्हणालो, बघू कोण आधी उघडतं.

त्याच आठवड्यात माझी पोरगी वर्षा गेवराईहून माहेरपणाला आली. कडेवर सात महिन्यांचा सोन्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला पातळ जुलाब सुरू झाले, उलट्याही. वर्षा म्हणाली, "पप्पा, मॅडमकडं नेऊ या." दवाखाना पंधरा पावलांवर. पण आमचा अबोला होता ना. मी म्हणालो, "अगं, मीच हाय की. पावडर देतो, उद्यापर्यंत खणखणीत होईल."

पहिली पुडी मी स्वतः दिली. कशात? नुकत्याच उतरवलेल्या दुधात. सांगतानाही लाज वाटते. तुम्ही जी चूक करू नका म्हणून बजावलं होतं तीच मी केली. क्षारांचं पाणी एक चमचा देऊन पाहिलं, त्यानं भडाभडा ओकलं, तशी मी वाटी बाजूला सारली. ओकतोय तर कशाला द्यायचं, जंतू करतील काम. दिवसभर, रात्रभर आणि दुसऱ्या सकाळी मी पुड्याच देत राहिलो. अंगावर पाजायला वर्षा घ्यायची, पण त्याच्यात ओढायची ताकद राहिली नव्हती. दुकानात क्षारांच्या पुड्यांचं अख्खं खोकं होतं, मॅडम. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षानं त्याला दुकानात आणलं. रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. डोळे आत गेले होते. टाळूवर हात ठेवला तर खळगा लागला. तेव्हा मी ती खिडकी ठोठावली. मला वाटलं होतं तुम्ही वाट बघायला लावाल. मी तुमच्या जागी असतो तर लावली असती. तुम्ही दुसऱ्या थापेलाच कडी काढलीत, लेकराकडं पाहिलंत आणि खिडकीतूनच त्याला हातात घेतलंत.

पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत, ती हळूहळू खाली बसली. नाडी पाहिलीत. मग माझ्याकडं न बघताच विचारलंत, "पाणी किती वेळा दिलं?"

आणि मी म्हणालो, "देतोय मॅडम. सारखं देतोय."

हेच ते खोटं. का बोललो? पोरगी शेजारी उभी होती. आयुष्यभर औषधं विकलेला माणूस घरच्या लेकराला पाणी देऊ शकला नाही हे तिच्यासमोर आणि तुमच्यासमोर मला कबूल करवेना. बाकी कारण नाही. सारखं पाणी देऊनही बाळाची ही दशा झाली असं समजून तुमचा उपचार चुकला असता, तर? हा विचार मला तेव्हा शिवला नाही. नंतर मात्र त्यानं मला कित्येक वेळा झोपेतून उठवलंय.

तुम्ही मान हलवलीत. सलाइनची तयारी करून ठेवलीत. "तासाभरात सुधारला नाही तर शीर धरते आणि बीडला हलवू. आधी तोंडानं बघू." मग सोन्याला मांडीवर घेऊन बसलात. हातात वाटी-चमचा. एक चमचा, थांबायचं. पुन्हा एक चमचा, थांबायचं. त्यानं ओकलं. तुमची साडी भरली. तुम्ही घड्याळ पाहिलंत, दहा मिनिटं थांबलात आणि पुन्हा पहिल्यापासून एक चमचा. बाहेर पेशंट बसले होते, ते तुम्ही एकेक करून तसेच, मांडीवर लेकरू असतानाच पाहिलेत. मी दारात उभा होतो. तासाभरानं त्यानं जीभ बाहेर काढून चमचा चाटला. तुम्ही म्हणालात, "हं. आता मागतोय." दोन तासांनी डोळे फिरवून वर्षाला शोधायला लागला. तरीही तुम्ही चमचा खाली ठेवला नाहीत.

चार वाजून गेले असतील. अचानक तुम्ही उभ्याच राहिलात. सोन्यानं तुमच्या मांडीवर शू केली होती. साडीचा तेवढा भाग ओला आणि तुम्ही लेकराला दोन्ही हातांनी वर धरून लहान पोरीसारख्या हसत होतात. "आलं! आलं हो, दिगंबरभाऊ! धरणात पाणी आलं!" बाहेरच्या बायासुद्धा हसायला लागल्या. माझ्या जिवात जीव आला आणि मी दाराच्या चौकटीला टेकून रडलो. तुम्ही ते पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत.

मग तुम्ही मला आत बोलावलंत. "आता आणा तुमचे पाहुणे."

मला वाटलं टोमणा आहे. पण तुम्ही खरंच हात पुढं केला होता. उकळून गार केलेलं पाणी चमच्यात घेतलंत, पुडी मला फोडायला लावलीत आणि माझ्या हातानं त्याला चाटवलीत. "आता घरात पाणी आलंय. आता येऊ देत." एवढंच. पुढच्या चार वर्षांत त्या दिवसाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. भांडण रंगात आलेलं असताना, हातात असा हुकमाचा पत्ता असताना, तुम्ही तो कधी टाकला नाहीत. मी असतो तर रोज टाकला असता.

दुसऱ्या दिवशी बोर्ड मी स्वतः उतरवला. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि म्हणालात, "पत्रा चांगला आहे, फेकू नका." त्या पत्र्याच्या मागच्या बाजूला तुम्ही रंगानं पातेल्याचं चित्र काढलंत, रेघेसकट. तो अजून तुमच्या दाराशी आहे.

सांगायचं रोज ठरवायचो. चहाचा कप खिडकीतून देताना तोंडापर्यंत यायचं. मग एखादा पेशंट यायचा, नाहीतर तुम्हीच कंपनीच्या माणसाची नक्कल करायच्या आणि राहून जायचं. शेवटच्या आठवड्यात मी एक छापील लेख तुम्हाला दिला होता. अमुक जातीचे जंतू दिले तर बाळांना फायदा होतो, असा. "आता बोला!" तुम्ही तो घडी घालून पर्समध्ये ठेवलात. "पूर्ण वाचते. रविवारी भांडू." तो रविवार आलाच नाही. त्या लेखाबद्दल तुमचं काय मत झालं हे मला आता कधीच कळणार नाही, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो. भांडण अर्धवट सोडून जायची तुमची रीत नव्हती.

परवा वर्षा आली. सोन्या बरोबर होता, आता चांगला दांडगा झालाय. तुमच्या बंद शटरपुढं ती बराच वेळ उभी राहिली. मग दुकानात येऊन स्टुलावर बसली. मी तिला म्हणालो, "बाई, एक सांगायचंय तुला. त्या दिवशी मॅडमशी मी..."

"पप्पा, ठाव हाय मला," ती म्हणाली. "मॅडमलाबी ठाव होतं."

"त्यांना कसं?" मी विचारलं.

"तुमी दुकानातनं झिंकच्या गोळ्या आनायला गेलता ना, तवा मॅडमनं मला इचारलं. खरं सांग म्हनल्या, लेकराचं कामय, किती पानी गेलं पोटात? मी म्हनलं, एक चमचा, तेबी ओकलं. अन् रडाया लागले. म्हनलं, पप्पांनीच असं कावून केलं असंल?"

"मग?"

"मॅडम म्हनल्या, घाबरलेला मानूस हाय तो. त्याला बोलायचं न्हाई. त्याला कळलंय. तू बोललीस तर उद्या दुसऱ्याच्या लेकराला पुडी देताना त्याचा हात कापंल. माझी शपथ घातली तुला." वर्षानं पदरानं डोळे पुसले. "म्हनून न्हाई बोलले."

चार वर्षं माझ्या पोरीनं मला ताकास तूर लागू दिली नाही. आणि तुम्ही, मॅडम! तुम्ही दोन मिनिटांत खरं काढून घेतलंत, उपचार बरोबर केलात आणि माझं खोटं झाकूनही ठेवलंत. रोज चहा घेताना माझ्या तोंडाकडं बघत होतात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मी इकडं चार वर्षं घुसमटत होतो आणि तुम्ही मला तुमच्या परीनं जपत होतात. मला तुमचा राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. एवढी मोठी माणसं शेजारी राहायला नसावीत. आपण किती लहान ते रोज दिसत राहतं.

इथवर लिहिलं आणि बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. टोळी निघाली होती. सात-आठ बाया खाली उतरून तुमच्या शटरपाशी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात भांडं.

"मेडिकलवाले भाऊ," त्यांतली एक म्हणाली, कडेवर जेमतेम पाच-सहा महिन्यांची पोर, "पानीवाल्या बाई कवा येत्यात?"

मी सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली. ट्रॅक्टरवरून एक गडी ओरडला, "ए चला बे, उशीर होतोय!" कुणी हललं नाही. मग तीच बाई उठली आणि आपलं पातेलं छातीशी धरून म्हणाली, "मंग आता आमी काय करावं? ह्या पोरीच्या येळंला रेघच न्हाई. तुमी ती जंतूची पावडर तरी द्या भाऊ चार पुड्या. जवळ आसलेली बरी."

मी तिला दुकानात बोलावलं. सगळ्यांनाच बोलावलं. आणि मॅडम, माइक नव्हता म्हणून असेल, माझी बोबडी वळली नाही. मी म्हणालो, "पावडर देतो. पण आधी ऐका. माझ्या नातवाला जुलाब झाले तवा मी नुसती पावडरच दिली. पाणी दिलं न्हाई. अन् मॅडमनी विचारलं तर खोटं बोललो, की देतोय म्हणून."

त्या बाईनं पोर दुसऱ्या कडेवर घेतली. "मंग? जगलं का लेकरू?"

"जगलं. मॅडमनी मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं, म्हणून जगलं. पावडर त्यांनी सगळ्यात शेवटी दिली. आधी पाणी, मग पाहुणे."

"बाई म्हनायच्याच तसं," एक म्हातारी मागून म्हणाली.

मी खिडकी उघडली आणि हात घालून तुमच्या टेबलावरचं लिटरचं माप घेतलं. खिळा त्याच्याच आत होता, माझ्याच खोक्यातला. त्या बाईच्या पातेल्यात पाणी ओतलं. आजवर हजारदा तुम्हाला करताना पाहिलं होतं, पण स्वतः पहिल्यांदाच करत होतो. रेघ ओढली आणि तिचं बोट धरून त्यावर फिरवलं.

"हितवर?" तिनं विचारलं.

"हितवर. सांग बघू पुन्हा."

तिनं तीनदा सांगितलं. मग दुसरीनं पातेलं पुढं केलं.

पहिली रेघ जरा वाकडी आली, मॅडम. पण पाणी दोनदा मोजून पाहिलं. बरोबर लिटर आहे.